हिमालयातील नद्या (लेखांक सहावा) : चंद्रा नदी आणि तिचे खोरे

हिमरेषेच्या वर वर्षानुवर्षे साठणारे हिम स्वतःच्या भाराने दाबले जाऊन निबर बर्फात रूपांतरित होते, हा बर्फ उताराने संथपणे सरकू लागला म्हणजे त्यास हिमनदी म्हणतात, आणि तिचे खालचे टोक, म्हणजेच मुख, जेथे वितळते तेथून पाण्याची नदी सुरू होते, एवढे मागील लेखांकात स्पष्ट झाले आहे. प्रस्तुत लेखांकात अशा हिमनद्यांवर पोसलेल्या एका नदीचे सविस्तर वर्णन करायचे असून त्यासाठी हिमाचल प्रदेशाच्या लाहौल भागातील चंद्रा नदी घेतली आहे. ही नदी उगमापासून भागा नदीच्या संगमापर्यंत सुमारे ११५ किलोमीटरच वाहते. परंतु तेवढ्या अंतरात हिमनदीने घडवलेली बहुतेक सर्व भूरूपे आढळतात, आणि भारतात ज्या हिमनद्यांचे मापन सर्वांत बारकाईने झाले आहे त्यांपैकी काही याच खोऱ्यात आहेत. शिवाय या खोऱ्यात एक विसंगतीही दिसते. ऐन उन्हाळ्यात नदी दोन्ही काठ भरून वाहत असते, तरीही तिच्या काठावरील शेते मुख्यत्वे तिच्या पाण्यावर पिकत नाहीत. या विसंगतीचा उलगडा झाला म्हणजे खोऱ्याचा बहुतेक भूगोल समजतो.

बारालाचा खिंड आणि नदीचा वळसा

चंद्रेचा उगम बारालाचा खिंडीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८९० मीटर उंचीवर होतो. हा परिसर म्हणजे एक महत्त्वाचा जलविभाजक आहे. जलविभाजक म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पडलेले पाणी वेगवेगळ्या नद्यांना जाऊन मिळते असा उंचवटा. खिंडीच्या आग्नेय उतारावरून चंद्रा निघते, वायव्य उतारावरील सूरजताल या सरोवरातून भागा निघते, आणि उत्तरेकडे वाहणारे पाणी युनाम नदीवाटे झंस्कारच्या नदीजालात जाऊन शेवटी सिंधूला मिळते. एकाच खिंडीवर पडलेले हिम अशा रीतीने तीन दिशांना वाटले जाते.

चंद्रा प्रथम आग्नेयेकडे वाहते. तिच्या डाव्या बाजूस स्पीतीचे खोरे असून दोहोंच्या मध्ये कुंजुम खिंडीची पर्वतरांग आहे. या रांगेपलीकडचे पाणी स्पीती नदीतून सतलजला जाते. नदीच्या या वरच्या टप्प्यात सुमारे ४,२५० मीटर उंचीवरील एका पठारी भागात चंद्रताल हे सरोवर असून त्याचे पाणी चंद्रेत उतरते. पाणथळ प्रदेशांच्या संरक्षणासाठी झालेल्या रामसर कराराच्या यादीत त्याचा समावेश २००५ मध्ये झाला आहे. कुंजुमच्या पायथ्याशी असलेल्या बातल या ठिकाणापुढे नदी पश्चिमेकडे वळते आणि पीर पंजाल रांगेच्या उत्तर पायथ्याने छतरू, ग्राम्फू, कोकसर, सिस्सू आणि गोंधला ही ठिकाणे घेत तांदी येथे पोहोचते. भागा मात्र बारालाच्याहून नैऋत्येकडे उतरून दारचा आणि केलांगवरून सुमारे साठ किलोमीटरांतच तांदी गाठते. दोन्ही नद्या मिळून लाहौलच्या मध्यवर्ती पर्वतपुंजाला संपूर्ण वेढा घालतात. मुलकिलासारखी सुमारे साडेसहा हजार मीटर उंचीची शिखरे याच पुंजात असून त्यांच्या उतारांवरील हिमनद्या दोन्ही नद्यांना पाणी पुरवतात. चंद्र आणि सूर्य यांच्या अपत्यांची ताटातूट आणि तांदीला झालेले मीलन अशी एक लोककथा या भागात सांगितली जाते. नदीचा प्रत्यक्ष मार्ग नकाशावर पाहिला म्हणजे ती कथा कशावरून सुचली असेल हे लक्षात येते.

संगमापुढील प्रवाहास चंद्रभागा आणि पुढे चिनाब असे म्हणतात. वैदिक वाङ्मयातील असिक्नी आणि ग्रीक लेखकांची अकेसिनीस ती हीच. पंढरपूरजवळ भीमेला मिळालेल्या चंद्रभागा या नावाशी मराठी वाचकाचा परिचय अधिक असला, तरी या दोन नद्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत. भीमा सह्याद्रीवरील पावसावर जगते, तर चंद्रा हिमावर.

पर्जन्यछायेतील हिम

नैऋत्य मोसमी वारे दक्षिणेकडून येतात तेव्हा पीर पंजाल रांग त्यांना आडवी येते. वाऱ्यांतील बाष्पाचा मोठा भाग कुलू-मनालीच्या बाजूस पावसाच्या रूपाने रिता होतो आणि रांग ओलांडून लाहौलमध्ये उतरणारी हवा बरीचशी कोरडी असते. अशा वाऱ्याआडच्या कोरड्या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सुमारे ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवर उभे राहिले असता दक्षिणेस देवदार आणि ओक यांनी झाकलेले उतार आणि उत्तरेस झाडांविना उघडे पडलेले खडकाळ उतार दिसतात, हा या छायेचा सर्वांत ठळक पुरावा होय.

असे असताना या कोरड्या खोऱ्यात एवढे बर्फ कोठून येते, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर हिवाळ्यात आहे. भूमध्य सागराच्या बाजूने पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना भारतात पश्चिमी विक्षोभ म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल या काळात त्या हिमालयाच्या पश्चिम भागास धडकतात आणि लाहौलमध्ये भरपूर हिमवर्षाव करतात. मोसमी पाऊसही पूर्णपणे अडत नाही. काही वर्षी त्याचा जोर रांगेपलीकडे पोहोचतो आणि उंच भागात उन्हाळ्यातही हिम पडते. म्हणजे चंद्रेचे खोरे हे दोन हवामानव्यवस्थांच्या सीमेवर वसलेले असून त्यातील हिमनद्यांचे भवितव्य दोहोंवर अवलंबून आहे.

खोऱ्याच्या दोन बाजूंमध्येही मोठा फरक आहे. नदीच्या डाव्या, म्हणजे दक्षिणेकडील बाजूस पीर पंजालचे उत्तराभिमुख उतार आहेत. त्यांवर ऊन कमी पडते, हिम अधिक काळ टिकते आणि त्यामुळे मोठ्या हिमनद्या या बाजूस आढळतात. उजव्या बाजूचे उतार दक्षिणाभिमुख असल्याने त्यांवर हिवाळ्यातही ऊन येते आणि वसंतात हिम लवकर उतरते. कोकसर, सिस्सू आणि गोंधला ही गावे उजव्या काठावर वसली आहेत ती याच कारणाने. कोकसरच्या वर मात्र कायम वस्तीचे गाव नाही. तेथील कुरणांवर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन येतात आणि शरद ऋतूत खाली परततात.

बर्फाने कोरलेली दरी

वाहत्या पाण्याने खोदलेली डोंगराळ दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद, म्हणजे व्ही या इंग्रजी अक्षरासारखी असते. हिमनदी मात्र तळ आणि बाजू एकाच वेळी घासत सरकते, म्हणून तिची दरी सपाट तळाची आणि उभ्या भिंतींची, म्हणजे यू अक्षराच्या आकाराची होते. चंद्रेची दरी कोकसरच्या वर बहुतेक ठिकाणी अशी आहे. गेल्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, या संपूर्ण दरीतून एकच प्रचंड हिमनदी वाहत होती. दरीच्या बाजूंवर कितीतरी उंचीपर्यंत आढळणारे घासून गुळगुळीत झालेले खडक आणि त्यांवरील समांतर ओरखडे हे तिच्या जाडीचे पुरावे होत. आजच्या हिमनद्या या तिच्या उपशाखांचे उरलेले भाग आहेत.

मुख्य हिमनदीचा भार मोठा असल्याने तिची दरी खोल खोदली गेली, उपहिमनद्यांच्या दऱ्या मात्र उथळ राहिल्या. बर्फ ओसरल्यावर या उथळ दऱ्यांची तोंडे मुख्य दरीच्या भिंतीवर उंचावर उघडी पडली. त्यांना लोंबत्या दऱ्या म्हणतात आणि त्यांतून येणारे पाणी धबधब्याच्या रूपाने खाली कोसळते. हिमनदीच्या उगमाशी बर्फाने डोंगराच्या कुशीत कोरलेल्या आरामखुर्चीसारख्या खळग्यास हिमगव्हर म्हणतात. एकाच शिखराला तीन-चार बाजूंनी हिमगव्हरे कोरली गेली म्हणजे मध्ये जो टोकदार सुळका उरतो, त्यास गिरिशृंग अशी संज्ञा आहे. सिस्सूच्या वरचे घेपान शिखर या प्रकारचे असून लाहौलचे प्रमुख दैवत राजा घेपान याचे ते स्थान मानले जाते.

हिमनदीने वाहून आणलेल्या दगड-मातीच्या ढिगाऱ्यास हिमोढ म्हणतात. हिमनदीच्या दोन्ही कडांनी साचलेला तो पार्श्व हिमोढ आणि मुखापाशी साचलेला तो अंत्य हिमोढ. चंद्रेच्या दरीत मुख्य नदीच्या काठाने आणि प्रत्येक बाजूच्या नाल्याच्या तोंडाशी असे जुने हिमोढ उभे असून, त्यांच्या स्थानावरून हिमनद्या कोणत्या काळी कोठवर पोहोचल्या होत्या याचा अंदाज भूशास्त्रज्ञ बांधतात. या सुट्या गाळातूनच नदी पुढे वाहत असल्यामुळे सपाट तळ लाभताच ती अनेक धारांत फुटते, या धारा पुन्हा एकमेकींत मिसळतात आणि दर उन्हाळ्यात आपल्या जागा बदलतात. अशा प्रवाहास गुंफित प्रवाह म्हणतात. बातलच्या परिसरात आणि सिस्सूजवळ तो चांगला पाहावयास मिळतो. नदीचे पाणी उन्हाळ्यात राखाडी दिसते, कारण हिमनदीच्या तळाशी खडक खडकावर घासून तयार झालेले पिठासारखे बारीक चूर्ण त्यात तरंगत असते. शरद ऋतूत वितळणे मंदावल्यावर तेच पाणी निळसर आणि स्वच्छ होते.

निरभ्र आकाशाखालचा पूर

चंद्रेच्या संगमापर्यंतच्या सुमारे २,४०० चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्राचा साधारण चौथा भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. त्यांत सर्वांत मोठी बडा शिग्री ही हिमाचल प्रदेशातील सर्वांत लांब हिमनदी असून तिची लांबी सुमारे २७ किलोमीटर आहे. ती दक्षिणेकडून येऊन बातलच्या खालच्या बाजूस चंद्रेच्या दरीत उतरते. दुसऱ्या क्रमांकाची समुद्र टापू ही चंद्रतालच्या परिसरात, नदीच्या उजव्या बाजूस आहे. शिग्री हा शब्द स्थानिक बोलीत दगड-मातीने झाकलेल्या हिमनदीसाठी वापरला जातो.

या नदीच्या पाण्याचे वर्षभराचे वेळापत्रक ठरलेले आहे. हिवाळ्यात प्रवाह अगदी क्षीण असतो आणि कडेने गोठतो. मे आणि जून महिन्यांत दऱ्यांतील व उतारांवरील हिवाळी हिम वितळते आणि प्रवाह वाढू लागतो. जुलैपर्यंत हे हिम बरेचसे संपते, हिमनद्यांच्या खालच्या भागातील जुना बर्फ उघडा पडतो, आणि तो ताज्या हिमापेक्षा गडद असल्याने अधिक ऊन शोषून वेगाने वितळतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नदी सर्वाधिक भरते. सप्टेंबरनंतर रात्री गोठू लागतात आणि पाणी झपाट्याने उतरते.

भीमेचा आणि चंद्रेचा पूर पंचांगातील एकाच सुमारास येत असला, तरी त्यांची कारणे उलट आहेत. भीमेला पूर येतो तो घाटमाथ्यावर आकाश भरून आले असता. चंद्रा मात्र सलग चार-सहा दिवस निरभ्र ऊन पडले म्हणजे फुगते आणि ढग आले की ओसरते. उन्हाळ्यात उंचावर ताजे हिम पडल्यास तर नदीचे पाणी घटते, कारण नवे पांढरे हिम सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परावर्तित करते आणि त्याखालचा गडद बर्फ वितळावयाचा थांबतो. परावर्तनाच्या या प्रमाणास भूशास्त्रात परावर्तनांक म्हणतात, आणि हिमनदीवर पोसलेल्या नदीचे वागणे समजून घेण्यासाठी पर्जन्यमापकाइतकेच या परावर्तनांकाचे महत्त्व असते.

दिवसाच्या चोवीस तासांतही असेच चक्र असते. सकाळी प्रवाह सर्वांत कमी असतो. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी बर्फातील भेगांतून आणि बोगद्यांतून वाट काढत मुखाशी येईपर्यंत तिसरा प्रहर उलटतो. ग्राम्फू ते बातल या कच्च्या रस्त्यावर ठिकठिकाणी हिमनद्यांचे नाले रस्त्यावरून वाहतात, आणि वाहनचालक ते सकाळीच ओलांडून घेतात, त्यामागे हेच कारण आहे. दुपारनंतर दगड लोटत धावणाऱ्या अशा नाल्यांपैकी एकास ‘पागल नाला’ असे नावच पडले आहे.

कूहल आणि शेत

लाहौलमध्ये उन्हाळी पावसाच्या भरवशावर पीक येत नाही. प्रत्येक शेताला सिंचन लागते. चंद्रा समोर वाहत असली, तरी तिचे पात्र गावांच्या आणि शेतांच्या पातळीच्या पुष्कळ खाली आहे, काठ सुट्या हिमोढाचे आणि डबराचे आहेत, आणि पाणी गाळाने भरलेले आहे. त्यामुळे तिच्यातून पाट काढणे पूर्वीच्या काळी शक्य नव्हते आणि आजही उपसा योजनांचा वाटा मर्यादित आहे. येथील शेतकऱ्याने मुख्य नदीकडे पाठ फिरवून बाजूच्या नाल्यांकडे पाहिले. गावाच्या वर असलेल्या लहान हिमनद्या आणि हिमाचे साठे यांतून उतरणाऱ्या नाल्याला उंचावर बांध घालून, समपातळीच्या रेषेने डोंगराच्या कडेकडेने जो पाट गावापर्यंत आणतात, त्यास कूहल म्हणतात. कूहलची डागडुजी वसंतात सर्व घरे मिळून करतात आणि तिचे पाणी पाळीपाळीने शेतांना देतात.

गावांच्या जागाही याच नाल्यांनी ठरवल्या आहेत. बाजूचा नाला मुख्य दरीत उतरताना उतार एकाएकी कमी होतो आणि नाला आपला गाळ पंख्याच्या आकारात पसरून टाकतो. या भूरूपास जलोढ पंख म्हणतात. उभ्या भिंतींच्या या दरीत शेतीयोग्य सौम्य उतार, खोल माती आणि वरून येणारे पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या जलोढ पंखांवर आणि नदीने मागे सोडलेल्या उंच सपाट पायऱ्यांवर. म्हणून लाहौलचा नकाशा पाहिला तर हिरवे ठिपके नदीच्या काठाने सलग नसून, नाल्यांच्या तोंडाशी सुटेसुटे दिसतात.

पिकाचा हंगाम एकच आणि आखूड असतो. पेरणी साधारणतः एप्रिल-मेमध्ये आणि कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उरकावी लागते. म्हणून शेतावरील हिम चार दिवस आधी उतरावे यासाठी त्यावर माती पसरण्याची जुनी रीत येथे आहे, आणि गडद पृष्ठभाग अधिक ऊन शोषतो हे भौतिक तत्त्वच तिच्या मुळाशी आहे. पूर्वी जव आणि कुट्टू ही मुख्य पिके होती. बटाटा येथे एकोणिसाव्या शतकात केलांगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी आणला. थंड आणि कोरड्या हवेमुळे बटाट्यावर विषाणूंचा प्रसार करणारा मावा येथे फारसा वाढत नाही, म्हणून लाहौलचे बटाटा बियाणे निरोगी ठरले आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या लाहौल बटाटा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने ते देशाच्या अनेक भागांत पोहोचवले. आज वाटाणा आणि फुलकोबी यांचे क्षेत्रही मोठे आहे. मैदानात या भाज्यांचा हंगाम नसतो तेव्हा लाहौलचा माल बाजारात येतो, आणि रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून पूर्वी हिवाळ्यात सुमारे सहा महिने बंद राहणाऱ्या या खोऱ्याला बाजारपेठ बारमाही जवळ आली आहे. मात्र बोगद्याने वाट दिली तरी पाणी दिलेले नाही. वाढलेली मागणी पुरवण्याचा भार पुन्हा त्याच कूहलींवर आला आहे.

हिमनदीचा ताळेबंद

हिमनदीवर एका वर्षात साठलेले हिम आणि त्याच वर्षात वितळून गेलेला बर्फ यांच्यातील फरकास वस्तुमान संतुलन म्हणतात. छतरूच्या वरच्या भागात पीर पंजालच्या उत्तर उतारावर असलेल्या छोटा शिग्री या सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या हिमनदीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह २००२ पासून हे मापन सातत्याने चालवले आहे. खालच्या भागात बर्फात खोलवर रोवलेले बांबू वर्षभरात किती उघडे पडले ते मोजायचे, वरच्या भागात खड्डे आणि छिद्रे घेऊन नव्या हिमाची जाडी व घनता मोजायची, आणि दोहोंची बेरीज-वजाबाकी मांडायची, अशी ही पद्धत आहे. काही वर्षे हिमनदी वाढलेलीही आढळते. पण सरासरी पाहता ती दरवर्षी साधारण अर्धा मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके वस्तुमान गमावत आहे.

या संशोधनात गोव्याचाही वाटा आहे. वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने चंद्रेच्या खोऱ्यात चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधन स्थानक ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू केले असून, बडा शिग्री, समुद्र टापू, सुत्री ढाका, बातल, घेपान आणि कुंजुम या सहा हिमनद्यांचा अभ्यास तेथून केला जातो. अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणाऱ्या संस्थेनेच हिमालयातील हे काम हाती घेणे योग्य आहे, कारण बर्फाचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

या अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे, ती अशी की सर्व हिमनद्या एकाच गतीने घटत नाहीत. बर्फावर दगड-मातीचा पातळ थर असल्यास तो शेतावर पसरलेल्या मातीप्रमाणे वितळणे वाढवतो. तोच थर काही सेंटीमीटरांहून जाड झाला की उष्णता खाली पोहोचू देत नाही आणि बर्फाचे रक्षण करतो. बडा शिग्रीसारख्या डबराने झाकलेल्या मोठ्या हिमनदीचे मुख म्हणून सावकाश मागे जाते, तर उघड्या आणि कमी उंचीवरच्या लहान हिमनद्या लवकर आकसतात. शिवाय हिमनदी आकसू लागली की प्रथम काही दशके नदीचे पाणी वाढते, कारण साठा मोडून खाल्ला जात असतो. एक कमाल मर्यादा गाठल्यावर ते उतरणीस लागते. हे वळण लहान हिमनद्यांच्या बाबतीत आधी आणि मोठ्यांच्या बाबतीत उशिरा येते.

सरोवरे आणि अडलेले पाणी

मागे सरणारी हिमनदी आपल्या अंत्य हिमोढामागे एक खळगा सोडते आणि त्यात पाणी साठून सरोवर तयार होते. हिमोढाचा बांध सुट्या दगड-मातीचा, क्वचित आत बर्फ राहून गेलेला असतो. वरून हिमकडा किंवा दरड सरोवरात कोसळून लाट उसळली तर तो फुटू शकतो, आणि मग उसळणाऱ्या पुरास हिमसरोवरस्फोट म्हणतात. सिस्सूच्या वर ४,०६८ मीटर उंचीवर असलेल्या घेपान गाठ सरोवराचे क्षेत्र १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर होते, ते २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झाले, असे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहचित्रांवरून मांडले आहे. या सरोवराचे पाणी ज्या नाल्याने खाली येते तो सिस्सूपाशीच चंद्रेला मिळतो. म्हणजे ज्या बाजूने गावाकडे पाणी येते, त्याच बाजूने संकटही येऊ शकते.

पाणी अडून फुटण्याचे इतर प्रकारही या खोऱ्याला परिचित आहेत. १८३६ मध्ये बडा शिग्रीचा बर्फ पुढे सरकून चंद्रेचा प्रवाह अडला, मागे तलाव तयार झाला आणि तो फुटून खालच्या दरीत हानी झाली, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रवासवृत्तात आहे. मार्च १९७९ मध्ये लाहौलवर कोसळलेल्या हिमप्रपातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२१ मध्ये तोजिंग नाल्याला आलेल्या आकस्मिक पुरात जीवितहानी झाली आणि त्यानंतरच्याच महिन्यात, १३ ऑगस्ट रोजी, तांदीच्या खाली नालडा गावाजवळ दरड कोसळून चंद्रभागेचा प्रवाह काही तास थांबला. या घटनांची कारणे भिन्न आहेत, परंतु उभे उतार, सुटा गाळ आणि अरुंद दरी हे घटक त्या सर्वांत समान आहेत.

तांदीच्या पुढे

तांदीच्या खाली चंद्रभागेची दरी किंचित रुंद आणि उबदार होते. पट्टन नावाने ओळखला जाणारा हा लाहौलचा सर्वांत सुपीक भाग होय. उदयपूर येथे मियार नाला मिळाल्यावर नदी पांगीच्या खोल घळईत शिरते, पुढे जम्मू-काश्मीरमध्ये किश्तवाडजवळ मरूसुदर ही मोठी उपनदी घेऊन दक्षिणेकडे झपकन वळते, आणि डोडा, रामबन व रियासी या भागांतून अखनूरपाशी मैदानात उतरते. या टप्प्यात दुलहस्ती, बगलिहार आणि सलाल हे जलविद्युत प्रकल्प तिच्यावर उभे आहेत. १९६० च्या सिंधू जलवाटप करारात चिनाबचे पाणी मुख्यत्वे पाकिस्तानच्या वाट्याला गेले. भारताने हा करार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. चिनाबवरची सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा धरणे, वीज आणि करार या तीन गोष्टींभोवती फिरते आणि तिच्यात पाण्याचा हिशेब अखनूर किंवा त्याखालच्या ठिकाणी मांडला जातो.

त्या हिशेबात लाहौलचे चित्र उमटत नाही, ही या खोऱ्याच्या भूगोलातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बडा शिग्री आणि समुद्र टापू यांच्या पाण्यावर मैदानातील कालवे आणि विद्युतगृहे चालतात, तर खोऱ्यातील शेत गावाच्या माथ्यावरच्या एखाद्या निनावी लहान हिमनदीवर चालते. मोठ्या हिमनद्या आकसताना नदीचे पाणी काही काळ वाढलेले दिसेल आणि त्याच काळात एखाद्या गावाची कूहल ऑगस्टमध्ये कोरडी पडू शकेल. तेव्हा मुख्य नदीच्या प्रवाहाचे आकडे पाहून खोऱ्याच्या पाण्याविषयी निश्चिंत होणे चुकीचे ठरेल; छोटा शिग्रीवर जे मापन होते त्याच्या काही अंशाने तरी ते कूहलींच्या उगमाशी, गावागावांच्या नाल्यांवर व्हावयास हवे, आणि पीकपद्धतीचे निर्णय त्या आकड्यांवर बेतले पाहिजेत.

पुढील लेखांकात कुंजुम खिंडीपलीकडील स्पीती नदीचा आणि तिच्या काठावरील प्राचीन सरोवरांच्या गाळाचा परिचय करून घेतला जाईल.